कप्तानाला बघण्याचा कार्यक्रम

रविवार, २२ नोव्हेंबर १९३६

आज गंगापूरपर्यंत जाऊन आलो. थंडी छान पडली आहे. सायकल मंडळात अजून आम्ही चौघेच, पण चौघे असले तरी नियम हवेत, म्हणून मी ते लिहून काढले आहेत. मी कप्तान. अकबरभाई, ज्यांचं भद्रकालीत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. खंडेराव मखमलाबादचा, घरची द्राक्षबाग, चढावर एक हत्ती आणि जेवणावर दोन. आणि तारऑफिसातला यादव, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी बिगुल वाजवला की सगळ्यांनी थांबायचं, हा नियम पहिला. कोणी थांबत नाही, पण नियम आहे.

दुपारी जेवताना अक्काने पुन्हा माझ्या लग्नाचं काढलं. आई गेल्यापासून मी अक्काकडेच, नाशिकच्या तांबट आळीत. तिनेच वाढवलं, म्हणून मी पुष्कळ ऐकून घेतो. आज मात्र स्पष्ट सांगितलं, "अक्का, मुलगी बघायला मी जन्मात जाणार नाही. आपल्या दुकानात गिऱ्हाईक हंडा घेतं तेव्हा काय करतं? वाजवून बघतं, आत हात घालून बघतं, उन्हात धरून भोक आहे का बघतं, आणि नको म्हणून ठेवून जातं. माणसाच्या पोरीला असं बघायचं? शिकलेला माणूस आहे मी."

भाऊजींचा घास हातातच राहिला. त्यांचा जन्म हंडे ठोकण्यात गेला, त्यांना उपमा पटली असावी. अक्का आता रडणार असं वाटलं. पण नाही. तिने ताक वाढलं आणि विचारलं, "नरहर, त्र्यंबकला सायकलीने जायला किती वेळ लागतो रे?"

बरं वाटलं. इतक्या महिन्यांत तिने मंडळाची चौकशी पहिल्यांदा केली. संध्याकाळी अकबरभाई माझी चेन बघायला आले, तर त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मी गेलो तशी दोघं गप्प. "अक्का चेनबद्दल विचारत होत्या," अकबरभाई म्हणाले. वयाच्या पंचेचाळिशीत बाईला यंत्राची गोडी लागली म्हणजे कमालच.

रविवार, २९ नोव्हेंबर

माझा बेत पांडवलेण्यांचा होता. तिघांनीही त्र्यंबकला मत दिलं. लोकशाही आहे, काय करता.

रस्ता सुरेख. अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला आला तेव्हा मी उतरून त्याची माहिती सांगितली. यादव तेवढ्यात चाकात हवा भरत होता. त्याच्या चाकात हवा फारच कमी राहते.

त्र्यंबकला भांड्यांचे एक व्यापारी, आमच्याच जातीचे सावळारामशेट, त्यांनी आम्हाला रस्त्यावरून हाक मारून आत नेलं. ओळख ना पाळख. लाडू, चिवडा, दूध. सायकलवाल्या माणसाबद्दल लोकांना केवढं कुतूहल असतं! कुलदैवत कोणतं, शिक्षण किती, शाळेतली नोकरी कायम का, आईवडील कशाने गेले. मी सगळं सविस्तर सांगितलं. मग शेटजींनी माझ्या पाठीत दणकन थाप मारली आणि कान देऊन ऐकलं. दम्याचं ऐकत होते म्हणे. घाम पुसायला मी टोपी काढली तेव्हा खोलीत एकदम शांतता पसरली. श्रमाबद्दल आदर, दुसरं काय.

आतल्या दाराशी एक मुलगी आणि तिची आई केव्हाच्या उभ्या होत्या. सायकल बघायची असेल म्हणून मी ती उंबऱ्यापर्यंत आणली आणि घंटी वाजवून दाखवली. मुलगी हसत आत पळाली.

बुधवार, २ डिसेंबर

अक्का दोन दिवस घुश्शात आहे. कारण सांगत नाही. खंडेरावने एक बाटली आणून दिली. "मास्तर, माक्याचं तेल हाय. लय गुणकारी. टाळूला लावा."

"का रे?"

"थंडी हाय."

अकबरभाईंनी आठवा नियम सुचवला आहे, की कप्तानाने प्रवासात टोपी काढू नये. त्यात शान आहे म्हणतात. मंजूर केला.

रविवार, १३ डिसेंबर

पिंपळगाव बसवंत. माझा बेत चांभारलेण्यांचा होता. पुन्हा तीन विरुद्ध एक.

आग्रा रोडवर मोटारींनी जीव नकोसा केला. पिंपळगावलाही एका भांडेवाल्या शेटजींनी हाक मारली. आमच्या समाजाला सायकलींचं इतकं प्रेम आहे हे मला माहीत नव्हतं. पुन्हा तीच सगळी चौकशी, म्हणून यावेळी मी विषय बदलला आणि त्यांना मोसमी वारे समजावून दिले. घरातली सगळी माणसं गोळा होऊन ऐकत होती. म्हाताऱ्या आजोबांनी तर मन एकाग्र करण्यासाठी डोळे मिटून घेतले. वारे झाल्यावर गोदावरीचं खोरं घेतलं.

परतताना खंडेराव म्हणाला, "मास्तर, तुमचं समदं ब्येस हाय. निस्तं बोलणं थोडं कमी करा."

माणसाला ज्ञानाची भीती वाटते, ती अशी. पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवार, १७ डिसेंबर

अक्का आज सकाळी म्हणाली, "दिंडोरीला जाशील तेव्हा वाऱ्यांबद्दल अवाक्षर काढू नकोस." दिंडोरीला जायचं ठरलेलंच नाही! कोणी ठरवलं विचारलं तर म्हणते, "ठरेल." भाऊजी हातोडी घेऊन लगेच ठोकायला बसले. त्यांच्या ठोकाठोकीत प्रश्नाचं उत्तर राहून गेलं.

रविवार, २० डिसेंबर

दिंडोरीला गेलो. ठरलं.

आजचा दिवस नीट लिहितो. दिंडोरीच्या अलीकडे एक लांबलचक उतार आहे. मोठ्या उतारावर प्रत्येकाने सायकलीमागे बाभळीची फांदी दोरीने बांधायची, म्हणजे ती जमिनीला घासत येते आणि सायकल सुसाट सुटत नाही, हा आपला नियम तिसरा. ब्रेकवर माझा विश्वास नाही. अकबरभाईंनी लावलेल्या ब्रेकवर तर नाहीच, आणि हे त्यांनाही माहीत आहे. फांदीचा दोष एकच. पुढचा स्वच्छ राहतो आणि मागचा धुळीने भरतो.

तिघेही हट्टाला पेटले की कप्तानाने पुढे राहावं. एरवी मला कोणी पुढे जाऊ देत नाही. मी म्हटलं, कप्तानाने स्वच्छ राहायचं आणि सभासदांनी धूळ खायची? मुळीच नाही. मी शेवटी येतो. यादव रडकुंडीला आला. "आजचा दिवस तरी, मास्तर! निदान आजचा दिवस!" अकबरभाईंनी माझ्या कोटाला हात लावून "चांगला इस्त्रीचा आहे हो" म्हटलं. मी कोणाचं ऐकलं नाही. तीन फांद्यांची धूळ खात उतरलो. खाली पोचलो तेव्हा मी पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा झालो होतो. पापण्यासुद्धा पांढऱ्या.

रस्त्याला लागूनच मुलींची शाळा आहे. रविवार, म्हणून पोरी नव्हत्या, पण ओसरीवर एक बाई पाट्या आवरत होत्या. ताठ बसणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकीच्या तिघांकडे, आणि आत जाऊन पाण्याची कळशी आणली.

"आधी तोंड धुवा," त्या म्हणाल्या. "मग बघू आत कोण आहे ते."

धुतलं. इथल्या हेडमास्तरीणबाई त्या, चंद्रभागाबाई. हेडही त्याच आणि बाकीच्या सगळ्या मास्तरणीही त्याच. शेजारी वडिलांचं, भिमाजीशेटांचं, भांड्याचं दुकान. त्यांना त्या दादा म्हणतात.

"कप्तान तुम्ही ना? मग सगळ्यांच्या मागे का?"

"धूळ कोणीतरी खायचीच होती," मी म्हटलं.

बाई चष्म्यातून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही लंगडता का हो?"

"नाही. पोटरीत गोळा आलाय."

"जरा चालून दाखवा. त्या खांबापर्यंत. आता परत या. बरं." प्रथमोपचाराचं ज्ञान असावं. यादव हवा भरायला खाली बसला.

मी भूगोल शिकवतो कळल्यावर त्यांनी खडू दिला आणि पोरींसाठी फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढून द्याल का विचारलं. काढला, नावंही लिहिली. "अक्षर चांगलं आहे," त्या म्हणाल्या. मग, बिगुल वाजवता येतो की नुसता गळ्यात अडकवता? वाजवला. "आवाज बरा आहे." मग, प्रवासात जेवणाचं काय करता? म्हटलं, वेळ आली तर पिठलं मी करतो. "गुठळ्या होतात का?" म्हटलं, थोड्या. हे उत्तर त्यांना आवडलेलं दिसलं. मला जरा परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं, पण मास्तर माणसाची सवय तशी असते. मी स्वतः बायकांना नद्यांची नावं विचारतो.

दुपारी भिमाजीशेटांकडे बाजरीची भाकरी, भरीत, ठेचा. साधे गृहस्थ. काही चौकशी केली नाही, फक्त अधूनमधून लेकीकडे बघत होते. खंडेराव किती जेवला ते लिहीत नाही.

वाऱ्यांबद्दल बोललो नाही. सुचलंच नाही.

बुधवार, २३ डिसेंबर

वर्गात हिंदुस्थानच्या नकाशावर दिंडोरी कुठे येते ते दाखवलं. पोरांनी विचारलं, परीक्षेला आहे का? आहे म्हटलं.

रविवार, २७ डिसेंबर

मीच दिंडोरी सुचवली. मला वाटलं तिघे कुरकुर करतील. एकमताने मंजूर, टाळ्यांसकट. मंडळात असं पूर्वी घडलेलं नाही.

बाईंनी त्यांच्या शाळेतल्या पोरींच्या गमती सांगितल्या. एकीला चुलीपुढे बसून पाढे पाठ आहेत, पण वर्गात आठवत नाहीत, म्हणून बाई तिला पाढे म्हणताना भाकऱ्या थापायची नक्कल करायला सांगतात. मग सगळे येतात. मी इतका हसलो की बिगुल चेपला. आजही मी जास्त बोललो, पण त्यांनी मध्येच "आता मी" असं म्हणून मला थांबवलं, आणि मी थांबलो. मला आजवर कोणी असं थांबवलं नव्हतं. लोक सरळ उठून जातात.

रविवार, ३ जानेवारी १९३७

फार वाईट दिवस.

सुरुवात चांगली होती. बाकीचे तिघे भिमाजीशेटांकडे हुरडा खायला गेले, मला कोणी बोलावलं नाही. मी ओसरीच्या पायरीवर आणि बाई वर पाट्या पुसत. मी सहज माझं मत सांगितलं, की मुली बघण्याचा प्रकार मला पसंत नाही. बाईंचा हात थांबला.

"मला किती जण बघून गेले ते मोजायचं मी सोडून दिलं," त्या म्हणाल्या. "पोहे करायचे, मान खाली घालून बसायचं. एकाने चष्मा काढायला लावला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. एकाच्या आईने वेणी ओढून बघितली, गंगावन तर नाही ना म्हणून. मग कळवतो म्हणून जायचे. दादा रोज टपालवाल्याची वाट बघायचे. मी नाही बघायचे असं दाखवायचे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, त्या माणसांना एकेकाला उतारावरून बिनफांदीचं सोडलं पाहिजे. बाई हसल्या. मग पाटीकडे बघत म्हणाल्या, "आता नाशिकचा एक आहे. दादांना पसंत आहे."

मी विचारलं, "कोण आहे?"

"मास्तर आहे."

"कसा आहे?"

"स्वभावाने बरा वाटतो. बडबड फार. अक्कल बेताची, पण मनात कपट नाही. डोक्यावर केस कमी."

मी म्हटलं, "बाई, तुमच्यासारखीने बेताच्या अकलेच्या बडबड्या माणसाबरोबर जन्म काढायचा? नकार द्या. स्पष्ट नकार द्या. भीड धरू नका."

"तोच विचार चाललाय," बाई म्हणाल्या आणि पाटी तोंडापुढे धरली. खांदे हलत होते. बिचाऱ्या रडत असाव्यात. माझ्याने बघवेना, मी तसाच निघालो.

इथे खरं लिहितो, ही वही कोणी वाचत नाही. मला त्या बाई आवडतात. दिंडोरीची वाट लागली की पाय आपोआप जोर करतात, आणि परतताना तोच रस्ता दुप्पट वाटतो. आणि आता कोणी एक टकल्या बडबड्या येऊन त्यांना घेऊन जाणार. देवा!

शनिवार, ९ जानेवारी

सापडला. आमच्या शाळेतले ड्रिल मास्तर, नुकतेच मालेगावहून बदलून आलेत. आमच्याच जातीचे. बडबडे. अक्कल बेताची. डोक्यावर केस कमी. सगळं जुळतं. आज त्यांनी नमस्कार केला, मी घेतला नाही.

उद्या मंडळाचा प्रवास रद्द. सर्दी झाली असं कळवलं. खंडेरावने आल्याचा काढा पाठवला, सोबत पुन्हा तेल.

गुरुवार, १४ जानेवारी, संक्रांत

आज सगळं कळलं. घाईने लिहितोय, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

सकाळी ड्रिल मास्तर तिळगूळ घेऊन आले. मी हात मागे घेतला. ते म्हणाले, "अहो घ्या, गोड बोला. बायकोने केलेत. काल मालेगावहून आली, चारी पोरांना घेऊन." मी तिळगूळ घेतला. दोन घेतले.

तडक अकबरभाईंच्या दुकानात गेलो. सण म्हणून तिघेही तिथेच होते. मी म्हटलं, तुम्ही नाशिकचे जुने जाणते. मला एवढं शोधून द्या. या गावात आमच्या जातीचा असा कोण मास्तर आहे, जो बडबड्या आहे, बेताच्या अकलेचा आहे, डोक्याने विरळ आहे, आणि दिंडोरीच्या चंद्रभागाबाईंना बघून आला आहे?

खंडेराव बाकावरून खाली पडला. खरोखर पडला. अकबरभाई उलट्या धरलेल्या सायकलीचं चाक जोरजोरात फिरवायला लागले आणि काढलेलं पंक्चर पुन्हा शोधू लागले. यादव पंप शोधत होता. पंप माझ्या पायाखाली होता. मी तो दाबून धरला आणि म्हटलं, "यादव, बोल."

"मास्तर," यादव म्हणाला, "तो तुम्ही!"

आणि मग धरण फुटावं तसा तो बोलत सुटला. त्र्यंबक, पिंपळगाव, दिंडोरी. सगळं अक्काने ठरवलेलं. मुलीकडचे मला बघत होते. दिंडोरीची तर अटच होती, आणि ती बाईंनीच घातलेली, की यावेळी आधी मी त्याला बघणार, आणि आपल्याला कोणी बघतंय हे त्याला कळता कामा नये.

आपलेच दात आणि आपलेच ओठ! मी बिगुल बाकावर आपटला आणि कप्तानपदाचा राजीनामा दिला. "मास्तर, गुस्सा थुंका," अकबरभाई म्हणाले, "आम्ही तुमचं भलंच चाहिलं." मी ऐकलं नाही.

घरी येऊन अक्कावर तोफ डागली. तिने शांतपणे तिळाची वडी कापली.

"तू काय म्हणाला होतास? मुलगी बघायला मी जन्मात जाणार नाही. बरोबर? मी तुला नेलं का कुठे मुलगी बघायला? तुझा शब्द मोडला का मी?"

मी टोपी खुंटीला लावली.

"आणि गावभर शोधतोयस कोण तो म्हणून. काखेत कळसा नि गावाला वळसा!" असं म्हणून ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "तुझं घर बघायला आई नाही रे. मी किती दिवस पुरणार?"

मी जेवलो नाही. वडी खाल्ली.

शुक्रवार, १५ जानेवारी

त्र्यंबकच्यांनी टक्कल म्हणून नको म्हटलं. पिंपळगावच्यांनी तोंडाचा पट्टा म्हणून. भाऊजींनी दोन्ही निरोप आज सांगितले, मी विचारले म्हणून. मला त्या मुली कोण हेही आठवत नाही, मी त्यांच्यापैकी कोणाला मागणी घातली नव्हती, तरी झोंबलं. फार झोंबलं. दिवसभर आरशाकडे बघायचं टाळलं आणि वर्गात एकही शब्द जास्त बोललो नाही. पोरांनी विचारलं, सर, बरं नाही का?

मी मोठ्या तोऱ्यात अक्काला हंड्याची गोष्ट सांगितली होती. हंड्याला काय वाटतं हे मला काय ठाऊक होतं! दोन घरांनी नाकारलं तर माझी ही गत. चंद्रभागाबाईंनी तर मोजायचंच सोडलं.

पण त्यांनीही मला चालवलं. खांबापर्यंत आणि परत. त्याचा राग वेगळा आहे, आणि तो जात नाही.

रविवार, १७ जानेवारी

एकटाच गेलो. बिगुल नाही, फांदी नाही, उतारावर सायकल हातात धरून चालत उतरलो. मनात भाषण तयार होतं.

बाई शाळेत कपाटातली पुस्तकं झटकत होत्या. मला बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं. कळलं आहे हे त्यांना माझ्या तोंडावरूनच समजलं असावं.

मी म्हटलं, "तुम्ही मला चालवून बघितलंत."

"हो."

"अक्षर बघितलंत. आवाज बघितलात. पिठल्याच्या गुठळ्या विचारल्यात."

"हो."

"मला फार अपमान वाटला."

"वाटणारच," बाई म्हणाल्या. "मला ठाऊक आहे कसा वाटतो तो. तुम्ही चिडा, तो तुमचा हक्क आहे. मला चिडायची सोय नव्हती. चिडले असते तर दादांची मान खाली गेली असती."

भाषण तिथेच संपलं. मी पोरींच्या बाकावर बसलो. तो इतका बुटका की गुडघे हनुवटीला लागले. बाईंना हसू आलं, त्यांनी ते दाबलं.

"खोटेपणा झाला, तेवढं माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पण मला एकदा बघायचं होतं, कोणी बघत नाही असं वाटतं तेव्हा माणूस कसा असतो. बघायला आलेले सगळे चांगलेच वागायचे हो. तुम्ही धुळीने भरून आलात."

मी विचारलं, "मग दादांना काय सांगितलंत?"

"अजून काही नाही. त्याआधी एक गोष्ट आहे, आणि ती ऐकून सगळे परत गेलेत." त्या खिडकीशी गेल्या. "मी गेले की या शाळेला कुलूप लागेल. दुसरी बाई इथे यायला तयार नाही, मी विचारून दमले. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, नोकरी सोडावी लागेल. मी सोडणार नाही. माझ्याशी लग्न करणाऱ्याला दिंडोरीत राहायला यावं लागेल. लोक त्याला घरजावई म्हणतील. तुमची शाळा नाशकात, मित्र नाशकात, अक्का नाशकात. मी तुम्हाला दोष देणार नाही."

मला तांबट आळी आठवली, सकाळची ठोकाठोक, अक्काचं ताक. खोटं कशाला लिहू, एक क्षण नको म्हणावंसं वाटलं. भाऊजींचे आळीतले मित्र काय म्हणतील तेही ऐकू आलं. पण मग या खोलीला कुलूप लागलेलं डोळ्यांपुढे आलं, आणि भाकऱ्या थापत पाढे म्हणणारी ती पोर बाहेर उभी.

"रोज सायकलीने नाशिकला जाईन नि येईन," मी म्हटलं.

"चढ आहे."

"जाताना पण आहे, येताना पण आहे. भूगोल माझा विषय आहे."

"पावसाळ्यात?"

"भिजेन."

"आणि तुमचं मंडळ?"

"रविवारी त्यांनी इथे यावं. खंडेराव तर भरीत म्हटलं की येईलच."

मी उठून उभा राहिलो, बाक माझ्याबरोबर थोडा उचलला गेला, तो खाली ठेवला. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. म्हटलं, "बाई, अक्का विचारेल, दादा विचारतील, ते त्यांचं ते बघतील. मी माझं विचारतो. मी तुम्हाला पसंत आहे का?"

त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग "हो" म्हणाल्या, इतकं हळू की मी एक पाऊल पुढे गेलो. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले.

"खडूची धूळ गेली डोळ्यात," त्या म्हणाल्या.

मी फळ्याकडे बघितलं. आज रविवार. फळा काळाभोर होता, खडूची एक रेघ नव्हती. तसं सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.